आपांची भीती

आपा घाबरट आहेत, असं ऑफिसात सगळेच म्हणायचे. आपांना ते ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. उलट मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाला त्या पहिला प्रश्न हाच विचारायच्या, "तुला कशाची भीती वाटते?"

मला विचारलं तेव्हा मी कॉलेजात पढवलेलं उत्तर दिलं, की मला आव्हानं आवडतात. त्यांनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला आणि म्हणाल्या, "आव्हानं आवडणाऱ्यांना मी पासवर्ड देत नाही. घरी जा, विचार कर, उद्या ये."

दुसऱ्या दिवशी मी जाऊन खरं ते सांगितलं. आमच्या इंदुरीच्या शेतातल्या विहिरीत वाकून बघायला मला भीती वाटते. पाय घसरेल म्हणून नाही. आपणच उडी मारून बसू म्हणून.

"हां," आपा म्हणाल्या. "एंटर दाबताना हीच वाटायला पाहिजे. सोमवारपासून ये."

आमची कंपनी वराळ्याला. स्वतःचे संगणक घेण्यापेक्षा आमचे भाड्याने वापरणाऱ्या लोकांसाठी दोन मोठ्या हॉलमध्ये यंत्रं मांडलेली. लोक त्याला क्लाउड म्हणतात. त्या यंत्रांना एकमेकांशी जोडणारं जाळं आपांच्या ताब्यात होतं. आपा लोणावळ्याच्या. रोज सकाळच्या लोकलने तळेगावला उतरायच्या आणि स्टेशनापासून रिक्षाने यायच्या. हातातल्या पिशवीत दोन टॉर्च, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन आणि दोन डबे. एक डबा सांडला तर दुसरा असावा म्हणून. बहुतेक वेळा सांडत नसे, मग दुसरा डबा मला मिळे. त्यांना कुणी मॅडम म्हटलं तर त्या म्हणायच्या, "मॅडम म्हणणारा माणूस काहीतरी लपवतोय असं मला वाटतं." म्हणून शिपायापासून सगळे त्यांना आपाच, म्हणजे मोठी बहीण, म्हणत.

त्यांचे वडील रेल्वेत होते, घाटात. उतारावरून येणाऱ्या गाडीचा रस्ता मुळात घाटाकडे लावलेलाच नसतो, हे त्यांनी मला सांगितलं. तो लावलेला असतो टेकडीवर चढून संपणाऱ्या आडलायनीकडे. ड्रायव्हरने आधी गाडी थांबवून दाखवायची, म्हणजे ब्रेक ताब्यात आहे हे कळतं, मगच त्याला घाटाचा रस्ता मिळतो. "अब्बा घरी येऊन जेवताना रोज म्हणायचे, आज सगळे थांबले. आम्हाला तेवढीच बातमी पुरायची." आपांनी ऑफिसातलं जाळंही तसंच बांधलं होतं. कोणालाही कुठेही जायची मुळात परवानगी नाही. विचारलं, दाखवलं, तर मिळेल.

मी लागले त्याच सुमाराला जाळं बदलायचं काम सुरू होतं. पूर्वी यंत्रांना जोडणाऱ्या प्रत्येक डब्याला, म्हणजे स्विचला, स्वतःची अक्कल असायची, आणि ती अक्कल विकणाऱ्या कंपनीने डब्यात बंद करून दिलेली असायची. नव्या पद्धतीत अक्कल एका जागी. वर बसलेला एक प्रोग्रॅम, ज्याला कंट्रोलर म्हणतात, तो खालच्या सगळ्यांना सांगणार की कुणाचा निरोप कुठून जाऊ द्यायचा. आणि तो प्रोग्रॅम ओपन सोर्स, म्हणजे जगातल्या कुणालाही वाचता येणारा, सुधारता येणारा. आमच्या सरांना, म्हणजे व्यवस्थापकांना, तो हवा होता कारण तो फुकट होता. आपांना तो हवा होता कारण त्याच्या आत बघता येत होतं.

"बंद डब्याची मला भीती वाटते," त्या म्हणायच्या. "उघड्याचीही वाटते. पण उघड्यात निदान कशाची वाटतेय ते कळतं."

आणि त्या खरंच वाचायच्या. लोकलमध्ये खिडकीशी बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन, दुसऱ्या बायका गजरे ओवत किंवा मटार सोलत असताना, आपा दूरदेशीच्या अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड ओळीने वाचत. काही खटकलं की त्या माणसांना मेल. एकदा एकाने उत्तर दिलं, की तुम्ही म्हणता तसं लाखात एकदा होईल. आपांनी उलट लिहिलं, की ते एकदा माझ्याकडेच होणार आहे.

कंट्रोलर एक नको, तीन हवेत, हे मला समजावताना त्यांनी पुस्तक उघडलं नाही. "आमच्या घरी दोन भाऊ. भांडले की दोघंही म्हणणार माझंच खरं, आणि घर बंद. मी तिसरी जन्मले म्हणून एकीकडे दोन मतं पडतात आणि चूल पेटते."

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"

"मग मी उरलेल्या दोघांसाठी दुआ मागते," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

त्यांच्यासोबत काम करणं सुखाचं नव्हतं. "चालतंय" हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारायची सोय नव्हती. कुणी म्हटलंच, की लगेच प्रश्न यायचा, "कुठून बघितलंस?" तुझ्या खुर्चीवरून चालतंय. पलीकडच्या हॉलमधून? गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरून? मंगळवारी दुपारी त्या हॉलमध्ये जाऊन कुठली तरी केबल उपटायच्या आणि काय तुटलं ते आम्ही जागेवर बसून शोधायचं. एका मंगळवारी त्यांनी मला हॉलमध्ये नेलं, डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाल्या, "आज तू उपट. कुठलीही." ती थंडगार हवा, पंख्यांची घरघर, आणि बोटांना लागणाऱ्या त्या वायरी मला अजून आठवतात. मी रडकुंडीला आले. "आपा, यातून कुणाचं तरी काम चाललेलं असेल."

"असेल ना. म्हणून तर आत्ता उपट, मी शेजारी उभी असताना."

आणखी एक सवय. काही बिघडलं, की त्यांचा पहिला हुकूम असायचा, "हातांवर बसा." अक्षरशः. दोन्ही तळवे मांडीखाली घालून खुर्चीवर बसायचं. आधी बघायचं, बोलायचं, आणि ठरल्यावरच हात बाहेर काढायचे. बाहेरून कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, शाळेतली पोरं शिक्षा भोगतायत. दोघंतिघं या असल्या जाचाला कंटाळून नोकरी सोडून गेले. मी राहिले, पण ती भीती माझ्या अंगात मुरली. घरी गॅस बंद केला की परत जाऊन बघायची, परत दार, परत मोटार. आई वैतागायची, "काय गं, कितींदा गॅस बघतीस? ह्या नोकरीनं पोरगी येडी व्हायला लागली." अण्णा, माझे वडील, तेवढे म्हणायचे, "बगू दे की. आग लागन्यापरीस बरं."

त्या दिवशी घाटाकडून धुकं तळेगावपर्यंत उतरलेलं होतं. कंट्रोलरची नवी आवृत्ती चढवायची होती. आपा असली कामं रात्री करत नसत. रात्री माणूस पेंगतो आणि मदतीला कुणी फोन उचलत नाही, असं त्यांचं म्हणणं. क्रम त्यांनीच घालून दिला होता. आधी खालच्या प्रत्येक यंत्रावर नवी आवृत्ती, मग शेवटी वरच्या कंट्रोलरवर. कारण वरचा नव्या भाषेत बोलायला लागला आणि खालच्याला ती कळत नसली, तर तो गोंधळतो. खालची सगळी यंत्रं आठवडाभरात करून झाली होती. दुपारी जेवणं झाल्यावर आपा माझ्या शेजारी येऊन बसल्या. मी आज्ञा मोठ्याने वाचून दाखवली, त्यांनी मान हलवली, मी एंटर दाबलं. पडद्यावर सगळं हिरवं आलं. आपांनी दुसरा डबा उघडला.

मग फोन वाजला. देहूरोडहून एक बाई बोलत होत्या. मावळातल्या रुग्णवाहिकांचे कॉल घेणारी एक सेवा होती, तिचं सगळं काम आमच्या क्लाउडवर चालायचं.

"मॅडम, कॉल येतायत, नोंद होतेय, पण ड्रायव्हरच्या मोबाइलवर निरोप जात नाहीये. गाड्या उभ्याच आहेत. त्यांना वाटतंय कॉलच नाहीत."

"आमच्याकडे सगळं हिरवं दिसतंय," मी म्हणाले.

"तुमच्या हिरव्याचं मी काय करू? माझ्याकडे वराळ्याची एक बाळंतपणात अडलेली बाई आहे, इंदुरीचे एक म्हातारे आहेत, छातीत कळ आलीय. मी माझ्या मोबाइलवरून एकेका ड्रायव्हरला फोन लावतेय, धुक्यात निम्म्यांना रेंज नाही."

"इंदुरीचे कोण?"

"नाव नाही सांगता येत मला. साठीच्या पुढचे आहेत. तुम्ही बघा लवकर."

अण्णा साठीच्या पुढचे. ब्लडप्रेशरच्या गोळ्या खायला विसरणारे. मी अण्णांना फोन लावला. वाजत राहिला. आईला लावला. बंद.

आपांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना विचारावं लागलं नाही. फोनवरचं सगळं त्यांनी ऐकलं होतं. "हातांवर बसा," त्या सगळ्यांना म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, "तू एका हातावर बस. दुसऱ्याने घरी फोन लावत राहा."

सर धावत आले. "काय झालंय? सगळे कंट्रोलर रीस्टार्ट करा."

"नाही," आपा म्हणाल्या.

"आपा, माणसं मरतील तिकडे."

"कंट्रोलर बसले तर खालच्या यंत्रांकडचे रस्तेही पुसले जातील. आत्ता एकाचं बंद आहे. मग सगळ्यांचं होईल. आपल्याकडे दोन हॉस्पिटलं आहेत, साहेब."

"तुम्ही घाबरताय."

"हो, घाबरलेय. खूप घाबरलेय." त्या माझ्याकडे वळल्या. "हिरवं कुठून बघितलंस?"

मी आमच्या खोलीतून बघितलं होतं. आता मी रुग्णवाहिका सेवेचं निरोप पाठवणारं काम ज्या यंत्रावर चाललं होतं, तिथे जाऊन बघितलं. तिथून बाहेर काहीच जात नव्हतं. भिंतीशी बोलावं तसं. मी यंत्राचा क्रमांक वाचला, आणि आपा उठून उभ्या राहिल्या.

"हे यंत्र तर बंद होतं."

हॉलमधल्या तंत्रज्ञाला फोन लावला. "व्हय आपा, ती तीन बंद व्हती ना, त्यांची मेमरी बदलून आली. सकाळीच चालू केली की." त्याने त्याचं काम केलं होतं. आम्ही खालच्या यंत्रांवर नवी आवृत्ती चढवली तेव्हा ही तिन्ही बंद होती, म्हणून ती जुनीच राहिली. आणि चालू झाल्यावर ती रिकामी. क्लाउडला रिकामं यंत्र दिसलं, की तो आपणहून तिकडे काम ढकलतो. जेवणाच्या वेळेला त्याने नेमकं हे काम तिकडे ढकललं होतं.

"काय काय बंद पडेल याची मी सगळी भीती बाळगली होती," आपा पुटपुटल्या. "बंद असलेलं परत चालू होईल याची बाळगलीच नाही."

मग त्या बसल्या आणि काम सुरू झालं. त्या तीन यंत्रांवर नवं काही येणार नाही असं आधी करायचं, मग तिथलं एकेक काम उचलून चांगल्या यंत्रावर न्यायचं. प्रत्येक आज्ञा मी मोठ्याने वाचत होते. कानाला लावलेल्या फोनमध्ये घरची रिंग वाजत होती, आणि टेबलावरच्या फोनमधून देहूरोडच्या बाई मध्येच म्हणत होत्या, "अजून नाही... अजून नाही." सर पाठीमागे येरझाऱ्या घालत होते. एका आज्ञेत मी चुकीचा क्रमांक वाचला. आपांनी माझं मनगट धरलं. "परत वाच, पोरी."

एंटर त्यांनी दाबलं. पडद्यावर एक आकडा सावकाश वर सरकत राहिला.

"गेला!" देहूरोडच्या बाई ओरडल्या. "निरोप गेले. गाड्या निघाल्या."

कुणी टाळी वाजवली नाही. आपा डोकं टेबलावर टेकून बसल्या होत्या. मी घरी फोन लावतच राहिले; पाऊण तासाने माझा फोन वाजला. अण्णा.

"आगं, यवढे फोन? काय झालं?"

मला हुंदकाच फुटला. "तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? फोन घरी इसरलो व्हतो." मग ते थांबले. "नथूतात्या गेला गं. छातीत कळ आली. गाडीची लय वाट बघितली. शेवटी आमी टेम्पोत घालून निघालतो, तवर समोरून गाडी आली. पन तात्या ऱ्हायला न्हाई."

नथूतात्या आमचे शेजारी. त्यांच्या मळ्यातला आंबेमोहोर दरवर्षी आमच्या घरी यायचा. मला आधी काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. मग लगेच मला स्वतःची किळस आली.

वराळ्याची बाई सुखरूप बाळंत झाली, हे संध्याकाळी कळलं. नथूतात्यांचं काय, ते मीच आपांना सांगितलं.

कंपनीने गिऱ्हाइकाला कळवलं, की काही काळ सेवेत अंशतः व्यत्यय आला होता. सरांनी आम्हाला बोलावून सांगितलं, की या विषयावर बाहेर कुणाशी बोलायचं नाही. ते वाईट माणूस नव्हते. "गाडी वेळेत आली असती तर वाचले असते, हे कुणी सांगावं?" ते म्हणाले. "आणि कुणी विचारलंय का आपल्याला?"

तात्यांचं दहावं झाल्यावर आपा मला म्हणाल्या, "मला इंदुरीला घेऊन चल."

मी हात जोडले. ते माझं गाव होतं. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलेलं. मी म्हणाले, "आपा, नका. काय साधणार आहे?"

"मला माहीत नाही. मी लोकलमध्ये बसले की कोडची एक ओळ वाचून होत नाही. तू नको येऊस. दार दाखव फक्त."

मी गेलेच सोबत. काकू ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांचा थोरला मुलगा खाटेवर. त्याने पाणी आणून दिलं. आपांनी तांब्या तसाच हातात धरला आणि सांगायला सुरुवात केली. मला वाटलं होतं, त्या काहीतरी अवघड बोलतील. पण त्या इतकंच बोलल्या, "तुम्ही फोन केलात, तो पोचला. तिथून गाडीपर्यंत निरोप जायचा रस्ता माझ्या ताब्यात होता. तो बंद पडला. म्हणून गाडी उशिरा आली."

मुलगा उठून उभा राहिला. "मंजी? येळंत आली असती तर माजा बाप जगला असता?"

"ते मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. उशीर आमच्याकडून झाला, एवढं माहीत आहे."

"आन हे तुमी आता सांगताय? चौदा गावची लोकं दशक्रियेला येऊन गेल्यावर?" त्याचा हात उगारल्यासारखा वर गेला आणि तो घरात निघून गेला. आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मला पळून जावंसं वाटत होतं. आपांनी हातातला तांब्या खाली ठेवला.

काकूंनी विचारलं, "तुमाला कुनी पाठवलं?"

"कुणी नाही."

"मग कशाला आलात? कालपत्तूर मी म्हनत हुते, देवानं नेलं. त्याला शिव्या देत हुते. आता हे माज्या डोक्यात घातलंत. आता मी कुनाला म्हनू?"

आपा म्हणाल्या, "मला म्हणा."

त्यांनी पिशवीतून फोन काढला, आपला नंबर काकूंच्या धाकट्या सुनेला दिला आणि आम्ही निघालो. रस्त्यापर्यंत त्या नीट चालल्या. गाडीत बसल्यावर त्यांना उलटी झाली.

गोष्ट सरांच्या कानावर गेलीच; गावात काय लपतं? तात्यांच्या मुलाने आधी कोर्टात जायचं म्हटलं, मग भाऊबंदांच्या बोलण्याने गप्प झाला. आपांना राजीनामा द्यायला कुणी सांगितलं नाही. पण त्यांच्याकडून पासवर्ड काढून घेतले, आणि ज्यांना पासवर्ड नाही अशा आपांना तिथे काय काम? पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या. त्यांच्या खुर्चीवर आता मी बसते. रोज भीत भीत बसते.

घरी बसल्यावर आपांनी एक काम पुरं केलं. त्या कंट्रोलरच्या कोडमध्ये त्यांनी थोडी भर लिहिली आणि जगाच्या पाठीवरच्या त्या अनोळखी माणसांकडे पाठवली. बराच काळ बंद असलेलं यंत्र परत आलं, तर त्याची आवृत्ती जुळेपर्यंत त्याच्याकडे काम द्यायचंच नाही, असं ते होतं. त्या लोकांनी सवयीप्रमाणे विचारलं, की याची गरज खरोखर कुणाला पडली आहे का? आपांनी एका ओळीचं उत्तर दिलं, की आमच्याकडे एका माणसाला रुग्णवाहिका उशिरा मिळाली. त्यावर कुणी वाद घातला नाही. पुढच्या आवृत्तीत ती भर आली. ती आता कुठल्या कुठल्या देशांत चालते, मला मोजता यायचं नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांना भेटायला लोणावळ्याला गेले होते. दमट घर, दोरीवर न वाळणारे कपडे, भिंतीला बुरशी. आपा थोड्या वाळल्या होत्या. चहा टाकत होत्या तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं, गॅस बंद केला, हात पुसले, आणि फोन घेऊन खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"काकूंचा?" मी खुणेने विचारलं. त्यांनी मान हलवली.

मला वाटलं होतं, काकूंनी तो नंबर कधी लावलाच नसेल. त्या लावत होत्या. कधी आठवड्याने, कधी लागोपाठ दोन दिवस. फोनमधून त्यांचा आवाज मला ऐकू येत होता, शब्द नाही. आधी तो चढा होता. आपा एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. मग आवाज उतरत उतरत पुटपुटण्यासारखा झाला, आणि मग काहीच येईना.

तेव्हा आपांनी विचारलं, "जेवलात का?"

तिकडून काहीतरी उत्तर आलं असावं.

"मग आधी दोन घास खाऊन घ्या," आपा म्हणाल्या. "मी आहे इथेच. ठेवत नाही फोन."

आणि त्या फोन कानाला धरून उभ्या राहिल्या.